अपघात झाला, मग वहीत का नाही?

कामावरचे अपघात आणि आजार यांबद्दल या खेपेला मासिकाकडं आलेल्या पत्रांपैकी पाच इथं घेतली आहेत. नावं आणि कारखाने मुद्दाम गाळले आहेत, कारण लिहिणाऱ्यांची चूल अजून त्याच पगारावर पेटते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की १९७९ साली मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, हेल्पर म्हणून लागलो, पुढं प्रेस शॉपला, म्हणजे मशीननं पत्रा कापायच्या-दाबायच्या खात्याला गेलो आणि निवृत्त होईपर्यंत युनियनचं काम केलं. मी वकील नाही. लेबर कोर्टाच्या बाकड्यावर तारखेची वाट बघत जे शिकलो, ते सांगतो.

प्रश्न : आबा, आमचे हे उद्यमनगरात एका छोट्या प्रेस शॉपमध्ये कामाला आहेत. २०२५ च्या जूनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. शेठनी खासगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं, वीस हजार रोख दिले आणि "आता काही मागणं नाही" अशा कागदावर सही घेतली. दवाखान्याच्या कागदावर "घरी दारात बोटं चेमटली" असं लिहिलंय. वय ३५, पगार १६ हजार. शॉपमध्ये सहाच माणसं, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही. आता काही होतं का? — एक ताई, उचगाव

ताई, होतं. पण लवकर हला. अपघातापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो. तुमच्याकडं २०२७ च्या जूनपर्यंत वेळ आहे, मात्र ज्यांनी डोळ्यांनी बघितलं ती माणसं तोवर त्याच शॉपमध्ये राहतील याचा भरवसा धरू नका.

सहाच माणसं आहेत म्हणून कायदा लागत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. कारखान्याच्या कायद्याला माणसं मोजतात, ईएसआयला दहा माणसं लागतात, हे खरं. पण भरपाईचा १९२३ चा कायदा वेगळा आहे. विजेवर मशीन चालवून माल तयार होतो ना? मग माणसं सहा असोत की साठ, तो लागतो. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता आल्या, पण ह्यांचा अपघात त्याआधीचा. हिशेब जुन्या कायद्यानंच होईल.

तो हिशेब मांडून देतो. पगार सोळा हजार असला तरी या कायद्यात महिन्याला १५,००० पर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. पस्तिशीतल्या माणसासाठी कायद्यातला गुणक १९७.०६ आहे. गुणाकार केला की १७,७३,५४० येतात. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के गेली, असं कायद्याच्या सूचीत छापलेलं आहे. (अंगठ्याला ३० टक्के, चारही बोटांना ५०.) म्हणजे तुमचे ३,५४,७०८ रुपये होतात. महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवून धरले तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दवाखान्याचा खर्च मालकाकडंच, तो या रकमेतून कापता येत नाही. वीस हजार कुठं आणि हे कुठं!

सहीची काळजी करू नका. भरपाईचा हक्क सोडून दिला असं लिहून घेतलेला कागद याच कायद्याच्या कलम १७ नं रद्द ठरतो. त्या कागदाचा एक फायदाही आहे. त्यावर तारीख असेल, शेठची सही असेल, तर अपघात शेठला माहीत होता हे त्यातूनच दिसतं. त्याची प्रत नसेल तर मागा. देत नसतील तर मागितल्याचं मोबाइलवर लिहून पाठवा.

अडचण आहे ती दवाखान्याच्या कागदाची. दारात चेमटलेलं बोट आणि प्रेसनं तोडलेलं बोट यात फरक असतो, आणि तो हाडाच्या एक्स-रेत दिसतो. एक्स-रे जपून ठेवा. त्या दिवशीची हजेरी, बँकेत किंवा फोनपेवर आलेला पगार, "आज कामावरून डायरेक्ट दवाखान्यात नेलं" असा कुणाला केलेला मेसेज, रिक्षातून सोबत आलेला माणूस, हे सगळं गोळा करा. मग कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात अर्ज. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, कामगाराला तिथं मोफत वकील मिळू शकतो.

शेठचा वकील कदाचित म्हणेल की सेफ्टी गार्ड ह्यांनीच काढला होता. कामगारानं जाणूनबुजून गार्ड काढला असेल तर मालक सुटू शकतो, अशी एक पळवाट कायद्यात आहे. जीव गेला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर ती चालत नाही, पण दोन बोटांच्या दाव्यात ती नक्की पुढं येईल. त्यासाठी ह्यांना घरात शांतपणे बसवून विचारा : जाळी कुणी काढली? कधी? आधीच्या पाळीत होती का? शेठ रोज ते बघत होते का? खरं तेच सांगा म्हणावं.

हे मी एवढ्या आग्रहानं का सांगतोय, ते ऐका. १९८६ च्या पावसाळ्यात माझ्या शेजारच्या प्रेसवर जो जोडीदार होता, त्याचं असंच झालं. त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा रॅम खाली यायचा, म्हणजे हात आत राहूच नयेत अशी सोय. पण नगावर पैसे होते. मग डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून कायमचं दाबून ठेवायचं, उजव्या हातानं बटण आणि डाव्या हातानं माल. सगळ्याच प्रेसवर ती काळी पट्टी होती. माझ्याही. सुपरवायझर रोज चारदा तिथून जायचा, ती पट्टी त्यानं कधीच बघितली नाही असं कोण म्हणेल?

रात्री पावणेतीनचा सुमार. प्रेसचा आवाज जराही बदलला नाही, हे मला अजून आठवतं. लोखंडाचा पत्रा असो की माणसाचं बोट, आवाज तोच. तो ओरडलासुद्धा नाही. हात डोळ्यांसमोर धरून नुसता बघत उभा राहिला, आणि मला म्हणाला, "आता भाकरी कशी मोडायची रं?" मी मेन स्विच पाडला. टॉवेल गुंडाळला. टेम्पोत घालून नेलं तेव्हा शिरोली पुलाखाली पंचगंगा फुगलेली होती.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं, "सायकलच्या चेनमध्ये बोट अडकलं." त्याच्याकडं सायकल नव्हती. तो नागावहून चालत यायचा.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन अपघाताची नोंदवही मागितली. त्या रात्रीची ओळ तिथं नव्हती. अपघातानं माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर कारखान्यानं वर कळवायचं, असा नियम तेव्हाही होता. पण त्या रात्री शिरोलीत प्रेसखाली बोटं गेली हे सरकारदरबारी कुठंच नव्हतं. बोटं गेली आणि नोंदही गेली. मी संध्याकाळी शंभर पानी वही आणली. तारीख, वेळ, मशीन नंबर, कोण, काय गेलं, शेजारी कोण होतं. पहिल्या वर्षात माझ्या वहीत अकरा नोंदी झाल्या, कारखान्याच्या वहीत एक. माझी पुढारकी सुरू झाली ती त्या वहीनं. भाषण मला कधी फारसं जमलं नाही.

ताई, तुम्हीही आजच एक वही करा.

प्रश्न : माझी छोटी फौंड्री आहे. पंचेचाळीस कामगार. मास्क, गॉगल, हातमोजे, बूट सगळं देतो. कामगार वापरत नाहीत. गमछा तोंडाला बांधतात, नाहीतर तेही नाही. काही झालं की दोष मात्र मालकाचा. हा न्याय आहे का? — एक उद्योजक, गोकुळ शिरगाव

शेठ, तुम्ही विचारलंत याचं मला समाधान आहे. चिडून लिहिलंय हेही कळतं, आणि त्या चिडण्यात थोडं तथ्य आहे. गॉगल कपाळावर चढवून ग्राइंडिंग करणाऱ्या पोरांना मीही आयुष्यभर रागावलो.

पण एकदा पोअरिंगच्या वेळी, म्हणजे साच्यात लोखंड ओतताना, अर्धा तास लॅडलजवळ, त्या ओतायच्या भांड्याजवळ, उभं राहून बघा. लोखंड १,४०० अंशांच्या आसपास. घामानं मास्क पाच मिनिटांत ओला होतो, नाकाला चिकटतो, श्वास अडतो. मग माणूस तो खाली ओढतो. तो बेफिकीर आहे असं समजू नका, त्याला श्वास हवा आहे. आणि गमछा म्हणाल तर तो डोळ्यांना दिसणारी वाळू अडवतो. फुप्फुस खराब करणारी सिलिकाची धूळ इतकी बारीक असते की ती दिसतच नाही आणि कापडातून आरपार जाते.

म्हणून सुरुवात मास्कपासून करू नका. धूळ जिथं उठते तिथंच धरा. नॉकआउट, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढण्याची जागा, बाकी शॉपपासून आडोसा घालून वेगळी करा. फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या, ग्राइंडरला हूड आणि ओढणारा पंखा बसवा, आणि त्या पंख्याची पिशवी वेळच्या वेळी झटकली जाते का ते स्वतः बघा. मी असे हूड बघितलेत, ज्यांची पिशवी वर्षभर भरलेली आणि पंखा नुसताच फिरतोय. कोरडा झाडू बंद. आधी पाणी मारायचं, मग झाडायचं. एवढं केलं की मास्क नेमक्या कामापुरता, थोड्या वेळापुरता लागतो, आणि तेवढा माणसं घालतात. तोही चांगला, तोंडावर घट्ट बसणारा द्या.

तुमच्या पत्रात नाही, पण मे संपत आला की मला एका गोष्टीची धास्ती वाटते, ती सांगतोच. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. स्क्रॅप उघड्या यार्डात भिजतं आणि तसंच भट्टीत जातं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सतराशे लिटर जागा लागते. ते पाणी वितळलेल्या लोखंडाखाली सापडलं की वाफेला बाहेर पडायला एकच वाट असते, आणि त्या वाटेवर तुमचा भट्टीवाला उभा असतो. स्क्रॅपमधले तोंडबंद पाइप, जुने शॉकअॅब्सॉर्बर, झाकण लागलेले डबे, हे सगळं आधी निवडून बाजूला काढलं पाहिजे. यार्डावर पत्रा टाका. लॅडल बर्नरनं कोरडी केल्याशिवाय तिच्यात मेटल घेऊ देऊ नका. भट्टीखालच्या खड्ड्यात पाणी साचत नाही ना, हे पावसाळ्यात रोज पाळी सुरू होताना बघायला एक माणूस नेमा आणि त्याला ओली गोष्ट दिसली की हीट, म्हणजे भट्टीतलं वितळवण्याचं काम, थांबवायचा अधिकार द्या. त्यानं थांबवली म्हणून त्याच्यावर ओरडू नका. एकदा ओरडलात की पुन्हा कुणी थांबवणार नाही.

आमच्या युनियननं एक प्रथा पाडली होती. खंडेनवमीला आपल्याकडं प्रत्येक मशीन धुऊन पुसून तिला झेंडूचा हार, लिंबू, हळदकुंकू. मला ते फार आवडतं, हात पोसणाऱ्या वस्तूला हात जोडलेच पाहिजेत. पण प्रेसला हार आणि तिची जाळी कोपऱ्यात गंजत पडलेली, हे बघवेना. मग ठरवलं, आधी जाळी बसवायची, मग हार घालायचा. ज्या मशीनला जाळी नाही तिची पूजा नाही. पहिल्या वर्षी चार मशीन पूजेविना राहिली आणि मालकांच्या आईसाहेबांना ते इतकं लागलं की दिवाळीच्या आत चारही जाळ्या बनून आल्या. तुमच्याकडं करून बघा. माणसांना बोलवा, ती जाळी कामाच्या आड कुठं येते ते त्यांनाच विचारा आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणं ती बनवा. मग ती कुणी काढणार नाही.

प्रश्न : मी कंत्राटदाराकडून कामाला आहे, गाव बिहारमध्ये. माझ्या मराठी मित्राकडून हे लिहून घेतलंय. आम्हाला काही झालं तर कंपनी म्हणते कंत्राटदाराला विचार, आणि कंत्राटदार फोन उचलत नाही. — एक कामगार, कागल पंचतारांकित वसाहत

भावा, भरपाई कंपनीकडं मागायची. कायद्याप्रमाणं मूळ मालकानं ती द्यायची आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. ते दोघं आपसात काय ते बघतील. तुझ्या हातात फक्त पुरावा पाहिजे की काम त्या गेटच्या आत करत होतास. गेटपासचा, हजेरी कार्डाचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेव. ईएसआयचा नंबर मागून घे. कामावरच्या अपघाताला ईएसआयमध्ये पहिल्या दिवसापासून हक्क आहे, किती महिने वर्गणी भरली हे विचारत नाहीत. आणि तुझ्या मशीनवरची सूचना तुला वाचता येत नसेल तर ती हिंदीत लावा म्हणून माग. कोल्हापूरच्या भट्ट्या आज तुमच्या हातांवर चालल्या आहेत. मागायला लाजू नकोस.

प्रश्न : आबा, मी आयटीआय करून दोन वर्षं झाली कामाला. आमच्या शॉपमध्ये युनियन करायचं चाललंय, मला सेफ्टीचं बघ म्हणतात. घरचे म्हणतात, त्या नादाला लागू नको, आयुष्याची माती होईल. तुम्हाला यातून काय मिळालं? — एक तरुण, हातकणंगले

पोरा, घरचे तुझ्या काळजीनं बोलतात, त्यांच्याशी भांडू नकोस. मी माझं सांगतो, ठरव तू.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं तेव्हा मी चोविशीचा होतो. बिंदू चौकात सभा होती, मी मागं उभा होतो. गावात हजारो माणसं झोपेत मेली आणि आत काम करणाऱ्यांनासुद्धा आपण काय हाताळतोय हे नीट सांगितलेलं नव्हतं, हे ऐकून मी घरी आलो आणि जेवलो नाही. पुढं १९८७ मध्ये कारखाना कायदा बदलला. धोकादायक उद्योगांची यादी आली, आणि त्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर फौंड्री होती! अशा कारखान्यात सुरक्षा समिती पाहिजे, तिच्यात जितके मालकाचे तितकेच कामगारांचे. जिवावर बेतेल असा धोका दिसला तर कामगारानं तो थेट सांगायचा, आणि वरच्यांनी लगेच उपाय करायचा. आपल्या कोल्हापुरात हे कुणाला माहीत होतं? मी तो कायदा मराठीत हातानं लिहून काढला आणि त्याच्या प्रती पाळी सुटताना वाटल्या.

समितीच्या पहिल्या बैठकीत मी माझी शंभर पानी वही टेबलावर ठेवली. १९९१ ला मला निलंबित केलं. कारण दिलं, यंत्रसामग्रीत ढवळाढवळ. चौकशी झाली, नोकरी गेली, केस चालली. चार वर्षं घर बायकोनं म्हशीच्या दुधावर चालवलं. पहाटे चारला उठून धार काढायची, संस्थेत दूध घालायचं, दर दहा दिवसांनी बिल हातात आलं की आधी पेंडीचे पैसे बाजूला, मग पोरांची फी, उरलं तर तेल. मी लेबर कोर्टात तारखा करत होतो, आणि गावातली माणसं तिला विचारायची, "तुमचं मालक काय करत्यात आता?" ती म्हणायची, "नोकरी करत्यात. पगार तेवढा मिळत न्हाई." १९९५ ला निकाल लागला, मी परत त्याच गेटनं आत गेलो. तिनं त्या दिवशी म्हशीला पुरणाची पोळी घातली. त्या चार वर्षांत मी घराला काय दिलं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं. १९९८ च्या पगारकराराला आमची एक मागणी होती, फेटलिंग शॉपला धूळ ओढणारी यंत्रणा. बोलणी अडली. रात्री उशिरा मालकानं सांगितलं, यंत्रणा नाहीतर महिन्याला अडीचशे वाढ, दोन्हीतलं एक घ्या. बाहेर माणसं बसली होती, गणपती तोंडावर होते. मी अडीचशे घेतले. धुळीचं पुढच्या कराराला बघू म्हटलं. माणसांनी मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. पुढचा करार साडेतीन वर्षांनी झाला. त्या मधल्या काळात फेटलिंगला जी माणसं होती, त्यांतले दोघं आज नाहीत आणि तिसरा जिना चढू शकत नाही. गुलाल लावायला पहिले पुढं आलेले तेच होते.

म्हणून सेफ्टीचं काम घेणार असशील तर माझं हे ऐक. पगार आणि फुप्फुस एका टेबलावर सौद्याला येऊ देऊ नकोस. करार वेगळा, सुरक्षेची बैठक वेगळी, तारीखही वेगळी ठेव. बैठकीत जे बोलणं होईल ते त्याच दिवशी लिहून दोघांच्या सह्या घे. एकटा पुढं होऊ नकोस, प्रत्येक खात्यातला एक माणूस सोबत ने, म्हणजे एकट्याला बाजूला काढणं जड जातं. आणि तू आयटीआयवाला आहेस, ड्रॉइंग वाचतोस. जाळी कशी पाहिजे हे काढून दाखवशील तर मालकही ऐकतो. आम्ही नुसतं ओरडत होतो.

काय मिळालं म्हणून विचारतोस. माझा तो जोडीदार अजून आहे. संक्रांतीला तीन बोटांच्या हातानं तिळगूळ देतो. त्याच्या नातवाला प्रेस शॉपला लावायचं ठरलं तेव्हा त्यानं आधी मला तिथं पाठवलं, मशीन बघून यायला. मी गेलो, दोन्ही बटणं स्वतः दाबून बघितली, मागं-पुढं कुठं पट्टी नाही ना ते बघितलं, आणि मगच हो म्हणालो.

प्रश्न : माझे वडील बावीस वर्षं फेटलिंगला होते. वय ५४. तीन वर्षांपासून खोकला, दम लागतो, वजन उतरलंय. दोन वेळा टीबीचा कोर्स केला, थुंकीत टीबी सापडला नव्हता तरी. फरक नाही. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. हे कामामुळं असेल का? — एक मुलगी, मौजे वडगाव

बाळा, असू शकतं. मी डॉक्टर नाही, पण ही गोष्ट मी इतक्या घरांत बघितली आहे की पत्र वाचताना हात थांबला.

या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथं जखम होऊन वण धरतात, आणि वण धरलेला भाग हवा घेत नाही. काम सोडल्यावरही ते वाढत राहतं. एक्स-रेवर ते पुष्कळदा टीबीसारखं दिसतं आणि डॉक्टरांनी "काय काम करता?" हे विचारलं नाही तर टीबीच लिहिलं जातं. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर होतो, म्हणजे दोन्ही एकदम असू शकतात. म्हणून टीबीची तपासणी टाळू नका, नीट करून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात छातीरोग विभागात न्या आणि केसपेपर काढताना पहिलं वाक्य हेच सांगा की बावीस वर्षं फौंड्रीत फेटलिंग. ते कागदावर लिहिलं गेलंय का, खिडकीपाशीच वाचून बघा. नसेल तर लिहायला लावा.

बरा करणारं औषध नाही, हे तुला खरंच सांगितलं पाहिजे. पण धूळ थांबली, बिडी-सिगारेट असेल तर ती थांबली, टीबी वेळेत सापडला, तर माणूस पुष्कळ दिवस चांगला राहतो. वडील अजून कामावर जात असतील तर फेटलिंगचं खातं आधी सोडायला सांग.

हक्काचं म्हणशील तर सिलिकोसिस हा कायद्यात नाव घेऊन दिलेला व्यवसायजन्य आजार आहे. वडिलांचा ईएसआय असेल तर मेडिकल बोर्डापुढं जाता येतं आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. धोकादायक यादीतल्या कारखान्यात कामगाराची वर्षाला एकदा तपासणी करायची, तिची नोंद ठेवायची आणि ती कामगाराला बघू द्यायची, हे १९८७ पासून कायद्यात आहे. ती नोंद लेखी अर्ज देऊन मागा. त्यांनी नाही म्हटलं तर तो नकारही लेखी घ्या, आणि त्याची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

कारखाना कोणता ते तू लिहिलं नाहीस. १९९८ ते २००२ च्या दरम्यान वडील कुठं होते, एवढं मला मासिकाच्या पत्त्यावर कळव. का विचारतोय, ते वरचं उत्तर वाचलंस की कळेल.

आणि एक काम आजच कर. घरातल्या सगळ्या जुन्या एक्स-रेच्या फिल्म शोध. ट्रंकेत, कपाटावर, गादीखाली, देवळीत. आपल्याकडं माणसं त्या खिडकीला चिकटवतात, नाहीतर ग्रहणाला बघायला काढतात. एकही टाकू नको. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात तारीख असते, तारखेप्रमाणं लाव. सगळ्यात जुनी सापडली की तिची तारीख मला कळव. मी माझी वही घेऊन वडगावला येतो.